बर्फावरचा कित्ता आणि साडेतीन गिरक्या
(मिदोरी इतो हिच्या स्पर्धात्मक कारकिर्दीचे एक अवलोकन)



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळेने चालविलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. या व्यासपीठावरून आजवर इतिहास, साहित्य आणि समाजकारण यांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. त्या परंपरेत मी आज एका जपानी मुलीविषयी, तेही बर्फावर घसरण्याच्या खेळाविषयी बोलणार आहे हे कळल्यावर कार्यवाहांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी पाहिले. त्यांची शंका रास्त होती. आम्हा इंदूरकरांचा बर्फाशी संबंध सराफ्यातल्या गोळ्यापलीकडे फारसा गेलेला नाही. मीही आयुष्यभर गणित शिकविले. स्केटिंगचा बूट मी पायात कधी घातलेला नाही.

मग हा विषय का? त्याचे कारण गुरुजीच आहेत. त्यांचा भूमितीचा तास ज्यांनी अनुभवला, त्यांना आठवत असेल की फळ्यावर ते कर्कटकाशिवाय वर्तुळ काढीत, आणि ते इतके बिनचूक असे की मागच्या बाकावरचा व्रात्य मुलगाही क्षणभर गप्प होई. वहीत वर्तुळाची रेघ जिथे सुरू झाली तिथेच ती येऊन मिळाली पाहिजे, सांधा दिसता कामा नये, हा त्यांचा आग्रह. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीने मोबाईलवर एक जुने चित्रण मला दाखविले. त्यात काही मुली बर्फावर एका पायावर उभ्या राहून अतिशय संथपणे वर्तुळे काढीत होत्या, आणि कोट घातलेले परीक्षक वाकून, डोळे बर्फाजवळ नेऊन ती रेघ तपासीत होते. मला गुरुजींची आठवण झाली. पुढे याच परीक्षेत एका असामान्य खेळाडूचे काय झाले हे वाचू लागलो, आणि मला गुरुजींबरोबर माझीही आठवण झाली. ती आठवण सुखद नाही. तिच्याकडे मी शेवटी येईन.

हा खेळ म्हणजे फिगर स्केटिंग. या नावातील 'फिगर' हा शब्द आज बहुतेकांना शोभेचा वाटतो, परंतु मूळ अर्थाने तो भूमितीतला आहे. फिगर म्हणजे आकृती. पात्याच्या धारेने बर्फावर इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वर्तुळांच्या आकृत्या काढावयाच्या, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जावयाचे, आणि प्रत्येक वेळी आधीच्या रेघेपासून शक्य तितके कमी ढळावयाचे, ही या विद्येची मूळ कसोटी. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो कित्ता गिरविणे होता. यांना अनिवार्य आकृत्या म्हणत. संगीताच्या साथीने उड्या, गिरक्या आणि पदन्यास करावयाचा मुक्त कार्यक्रम त्यानंतर येई. १९६८ पर्यंत एकूण गुणांत आकृत्यांचा वाटा ६० टक्के होता, म्हणजे प्रेक्षक जे पाहावयास येत त्यापेक्षा ते जे पाहावयास येत नसत त्याला अधिक मोल होते.

ही विसंगती जगाच्या नजरेत भरली ती जपानमध्येच. १९७२ साली साप्पोरो येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. तेथे ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबा हिने आकृत्यांत एवढी आघाडी मिळविली की मुक्त कार्यक्रमात सातवी येऊनही सुवर्णपदक तिलाच मिळाले. मुक्त कार्यक्रमात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन एकूण तिसरी ठरली. लिन त्या कार्यक्रमात एकदा बर्फावर पडली होती, आणि पडल्यावर हसली होती. ते हसू जपानी प्रेक्षकांच्या मनात असे बसले की पदकविजेत्यांच्या यादीत तिसरी असलेली ही मुलगी त्या देशात सर्वाधिक लाडकी झाली. पुढल्याच वर्षी, १९७३ मध्ये, आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलून ठरावीक उड्या-गिरक्यांचा एक छोटा कार्यक्रम स्पर्धेत घातला आणि आकृत्यांचा वाटा कमी केला. १९८० च्या दशकात तो ३० टक्क्यांवर आला होता. श्रोतेहो, हा ३० टक्क्यांचा आकडा ध्यानात ठेवावा, कारण आपली कथा त्याच्याभोवती फिरते.

मिदोरी इतो हिचा जन्म १३ ऑगस्ट १९६९ रोजी नागोया शहरात झाला. मिदोरी म्हणजे हिरवा रंग. नागोया हे मोठे औद्योगिक शहर आहे. आसपासच्या प्रदेशात मोटारींचे कारखाने आहेत आणि कष्टाळू, व्यवहारी लोकांचे गाव अशी त्याची ख्याती आहे. तेथील ओसू या जुन्या वस्तीत बर्फाची एक बंदिस्त रिंक होती. चार-पाच वर्षांची मिदोरी तेथे गेली आणि माचिको यामादा या शिक्षिकेच्या नजरेस पडली. पुढे मुलीच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला, आणि यामादाबाईंनी तिला आपल्या घरी राहावयास नेले. शिष्येने गुरूच्या घरी राहावे, तेथेच जेवावे, तेथूनच सरावाला जावे, ही पद्धत आपल्याकडील संगीताच्या घराण्यांना नवी नाही. तिचे गुण आणि जाच दोन्ही आपण जाणतो. मिदोरीच्या बाबतीत एवढे निश्चित म्हणता येते की यामादाबाई नसत्या तर जगाला तिचे नाव कळले नसते.

ती बुटकी होती. पूर्ण वाढ झाल्यावरही तिची उंची १४५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फुटांच्या जवळपासच भरली. स्केटिंगच्या परीक्षकांची सौंदर्यदृष्टी मुख्यतः युरोपात घडलेली. लांब हातपाय, उंच मान आणि नर्तिकेसारखी रेषा त्यांना भावे. मिदोरीचे पाय आखूड आणि बळकट होते. मात्र त्या पायांत जी शक्ती होती ती त्यापूर्वी कोणत्याही स्त्री-स्केटरमध्ये दिसली नव्हती. इतर मुली उडी घेत तेव्हा गिरकी पूर्ण करण्यापुरत्या वर जात. ही वर जाई आणि क्षणभर तेथेच थबकल्यासारखी वाटे, मग उतरे, आणि उतरताना तिचा वेग जराही मोडत नसे.

जागतिक ज्युनियर स्पर्धेत ती १९८१ मध्ये, अकराव्या वर्षी, प्रथम उतरली. उड्यांनी सर्वांना थक्क केले, पण आकृत्यांत फार मागे पडल्यामुळे ती आठवी आली. १९८४ मध्ये त्याच स्पर्धेत तिला तिसरे स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी ओटावा येथील मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत, चौदाव्या वर्षी, ती सातवी आली. राष्ट्रीय विजेतेपद तिने १९८५ च्या हंगामापासून सलग आठ वर्षे राखले. परंतु १९८५ ची जागतिक स्पर्धा पायाचे हाड मोडल्याने हुकली, १९८६ मध्ये ती अकरावी आली, १९८७ मध्ये आठवी. एखाद्या विद्यार्थ्याला सर्वजण हुशार म्हणतात, पण त्याचा निकाल दरवर्षी तसाच लागतो, असे आपण शाळांत पाहतो. तशी तिची अवस्था होती.

१९८८ चे कॅल्गरी ऑलिंपिक या अवस्थेचे उत्तम उदाहरण होय. आकृत्यांत तिचा क्रमांक दहावा लागला. छोट्या कार्यक्रमात ती चौथी आली. शेवटच्या दिवशी मुक्त कार्यक्रमात तिने सात ट्रिपल उड्या, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या उड्या, यशस्वीपणे उतरविल्या. सर्व जगाचे लक्ष त्या दिवशी पूर्व जर्मनीची काटारीना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस यांच्या द्वंद्वाकडे होते. पदकाच्या गणितात नसलेली ही जपानी मुलगी आली, उड्यांमागून उड्या घेत गेली, आणि कार्यक्रम संपण्याआधीच तिच्या चेहऱ्यावर असे हसू फुटले की सारे सभागृह उभे राहिले. मी ते चित्रण अनेकदा पाहिले आहे. ते हसू जिंकल्याचे नव्हते, कारण ती जिंकणार नाही हे तिलाही ठाऊक होते. जे साधावयाचे होते ते साधले, एवढाच त्याचा अर्थ. मुक्त कार्यक्रमात तिला तिसरे आणि एकूण पाचवे स्थान मिळाले.

आता तिच्या नावाशी कायमची जोडली गेलेली उडी समजून घेऊ. फिगर स्केटिंगमधील बाकी सर्व मुख्य उड्या पाठमोऱ्या स्थितीतून घेतल्या जातात. ॲक्सेल ही एकच उडी समोर तोंड करून घ्यावी लागते, आणि उतरावे लागते मात्र पाठमोरे. त्यामुळे तिच्यात नेहमी अर्धी फेरी अधिक पडते. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सन याने १८८२ साली व्हिएन्ना येथे ती प्रथम दाखविली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. ट्रिपल ॲक्सेल म्हणजे साडेतीन फेऱ्या. एका सेकंदाहूनही कमी वेळात शरीर साडेतीन वेळा फिरवून एका पायाच्या अरुंद धारेवर उतरावयाचे. पुरुषांमध्ये कॅनडाच्या व्हर्न टेलर याने १९७८ मध्ये ती जागतिक स्पर्धेत प्रथम केली. स्त्रीला ती जमणार नाही, असे जाणकारांचे मत होते, आणि या मतामागे शरीरशास्त्राचे आधारही दिले जात.

१९८८ मध्ये, प्रथम आपल्या ऐची प्रांताच्या स्पर्धेत आणि त्यानंतर एनएचके करंडक या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, मिदोरीने ट्रिपल ॲक्सेल यशस्वीपणे केली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही उडी साधणारी ती पहिली स्त्री. पुढे मार्च १९८९ मध्ये पॅरिस येथे जागतिक स्पर्धा झाली. आकृत्यांत या वेळी तिने सहावा क्रमांक मिळविला. तिच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती, आणि तिच्यामागे किती तासांचा नीरस सराव असेल याची कल्पना आपण करू शकतो. उरलेल्या दोन्ही भागांत ती पहिली आली. मुक्त कार्यक्रमात जागतिक स्पर्धेतील स्त्रियांची पहिली ट्रिपल ॲक्सेल तिने केली, आणि नऊपैकी पाच परीक्षकांनी तांत्रिक गुणांत ६.० हे पूर्ण गुण दिले. फिगर स्केटिंगमध्ये जागतिक विजेतेपद मिळविणारी ती पहिली आशियाई व्यक्ती ठरली. तिच्याआधी जपानच्या मिनोरू सानो याने १९७७ मध्ये आणि एमी वातानाबे हिने १९७९ मध्ये जागतिक कांस्यपदके मिळविली होती. या वाटेवर तिने सर्वात वरची पायरी गाठली.

येथे कथा संपविली असती तर ती फार सोयीची झाली असती. गुणवत्तेवर नियमांचा अन्याय होता, पण अखेर गुणवत्ता जिंकली, असे आपण म्हटले असते आणि टाळ्या वाजविल्या असत्या. इतिहास मात्र इतका आज्ञाधारक नसतो.

आकृत्या स्पर्धेतून काढून टाकण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८ मध्येच घेतला होता. १९९० ची हॅलिफॅक्स येथील जागतिक स्पर्धा ही आकृत्यांची शेवटची जागतिक स्पर्धा. त्यांचा वाटा तेव्हा २० टक्क्यांवर आला होता. मिदोरी आकृत्यांत पुन्हा दहावी आली. त्यानंतरचे दोन्ही भाग तिने जिंकले, आणि तरीही विजेतेपद अमेरिकेच्या जिल ट्रेनरी हिला गेले. मिदोरीला रौप्य मिळाले. जी परीक्षा पुढल्या वर्षी रद्द होणार होती, तिनेच तिचे दुसरे विजेतेपद हिरावून घेतले.

यावर तिच्या चाहत्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आकृत्या हा निव्वळ जुनाट छळ नव्हता. पात्याची आतली धार कोणती, बाहेरची कोणती, शरीराचा भार कोठे असता रेघ वळते आणि कोठे असता ती मोडते, हे ज्ञान त्या कंटाळवाण्या वर्तुळांतून पायात मुरत असे. त्या पिढीतील ज्या स्केटरांना आपण बर्फावर 'वाहणारे' म्हणतो, त्यांची ती सहजता बहुधा तेथूनच आलेली होती. मिदोरीचा उतरतानाचा न मोडणारा वेगही धारेवरील हुकमतीवाचून शक्य नव्हता, आणि तिनेही लहानपणापासून आकृत्या गिरविल्याच होत्या. शिवाय नियम सर्वांना सारखे आणि आधीपासून ठाऊक असलेले होते. ट्रेनरीने कोणाचे काही लुबाडले नाही. सांगितलेली परीक्षा तिने चांगली दिली. तेव्हा प्रश्न असा उरतो की एखादी गोष्ट शिकण्यासाठी आवश्यक असली, म्हणून ती गुण देण्यासाठीही आवश्यक ठरते का? कित्त्याशिवाय अक्षर सुधारत नाही हे खरे. म्हणून कवीची परीक्षा त्याच्या कित्त्यावरून घ्यावी काय?

आकृत्या गेल्यावर आता मिदोरीला अडविणारे कोणी नाही, असे सर्वांना वाटले. १९९१ ची म्युनिक येथील जागतिक स्पर्धा मात्र तिच्या आयुष्यातील सर्वात विचित्र ठरली. त्या हंगामात तिच्यावर जबड्यापाशी शस्त्रक्रिया झाली होती. स्पर्धेच्या वेळी सरावात फ्रान्सची लेटिशिया ह्यूबेर आणि ती एकमेकींवर जोरात आदळल्या. तशा अवस्थेत ती छोट्या कार्यक्रमासाठी उतरली. जोड-उडी कडेच्या फार जवळ घेतली गेली, आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासाठी कठड्यात ठेवलेल्या मोकळ्या जागेतून ती थेट रिंकबाहेर गेली. पुढच्याच क्षणी ती उडी मारून परत बर्फावर आली आणि तिने कार्यक्रम पूर्ण केला. एकूण चौथे स्थान मिळाले. तिन्ही पदके अमेरिकेच्या मुलींना गेली. क्रिस्टी यामागुची, टोन्या हार्डिंग आणि नॅन्सी केरिगन यांना. यांपैकी हार्डिंगने त्याच वर्षी ट्रिपल ॲक्सेल साधली होती. ती उडी करणारी ती दुसरी स्त्री. मिदोरीची मक्तेदारी संपली होती.

मग आले १९९२ चे फ्रान्समधील आल्बेरव्हिल ऑलिंपिक. त्या वेळी मिदोरी बावीस वर्षांची होती. जपानच्या वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने सुवर्णपदक जवळजवळ तिच्या नावावर लिहून टाकले होते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानच्या एकाही स्त्रीने तोपर्यंत सुवर्ण मिळविले नव्हते. साऱ्या देशाची अपेक्षा १४५ सेंटिमीटरच्या एका शरीरावर येऊन टेकली होती. सरावात ट्रिपल ॲक्सेल वारंवार चुकत होती, म्हणून छोट्या कार्यक्रमात तिने ती वगळली आणि तिच्याऐवजी तुलनेने सोपी ट्रिपल लुट्झ घेतली. ज्या उडीत ती कधी चुकत नसे, नेमकी तीच चुकली. ती पडली आणि चौथ्या स्थानावर फेकली गेली.

येथे आकृत्या नव्हत्या. येथे दोष देण्यास दहावा क्रमांक नव्हता. जे तिचे बळ होते त्याच ठिकाणी ती हरली होती. म्हणूनच मी म्हटले की ही कथा अन्यायाच्या सोप्या साच्यात बसत नाही.

२१ फेब्रुवारी १९९२ रोजी मुक्त कार्यक्रम झाला. सुरुवातीलाच तिने ट्रिपल ॲक्सेल घेतली आणि ती पडली. व्यवहारी खेळाडू अशा वेळी उरलेले सांभाळून घेतो. कार्यक्रमाची तीनएक मिनिटे उलटली होती, पाय थकले होते. आणि तेथे, शेवट जवळ आला असताना, तिने ट्रिपल ॲक्सेल पुन्हा घेतली. या वेळी ती उतरली. ऑलिंपिकमध्ये स्त्रीने केलेली ती पहिली ट्रिपल ॲक्सेल. त्या वेळचे तिचे हसू पाहिले की कॅल्गरीचे हसू आठवते, मात्र या हसण्याआधी एक पडणे आहे. जॅनेट लिन साप्पोरोला पडून हसली तेव्हा मिदोरी जेमतेम अडीच वर्षांची होती. तरीही ही दोन हसणी मला एकाच घराण्याची वाटतात.

सुवर्ण क्रिस्टी यामागुचीला मिळाले. तिचा कार्यक्रमही निर्दोष नव्हता, पण दोन्ही दिवस मिळून ती सर्वांत स्थिर राहिली, आणि तिच्या स्केटिंगमध्ये रेषेचे सौंदर्य होते. तिने ट्रिपल ॲक्सेलचा प्रयत्न केलाच नाही. यामागुची जपानी वंशाची अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना ज्या छावण्यांत कोंडले होते, तशा एका छावणीत तिच्या आईचा जन्म झाला होता. इतिहासाने त्या संध्याकाळी पदकमंचावर अशा दोन मुली शेजारी शेजारी उभ्या केल्या. एकीच्या घराण्याला आपण अमेरिकन आहोत हे एकेकाळी सिद्ध करावे लागले होते. दुसरीला सारा जपान खांद्यावर घेऊन उडी मारावी लागली होती.

मिदोरीचे रौप्य हे फिगर स्केटिंगमधील जपानचे पहिले ऑलिंपिक पदक होते. आणि ते मिळवून तिने काय केले? तिने देशाची क्षमा मागितली. सुवर्ण मिळवू शकले नाही याबद्दल खेद आहे, अशा अर्थाचे तिचे उद्गार जगभर प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य वार्ताहरांना त्याचा अचंबा वाटला. जपानमध्ये अशी क्षमा हा शिष्टाचाराचा भाग असतो, एवढे म्हणून काहींनी तो विषय मिटविला. मला मात्र तो इतक्यात मिटवावासा वाटत नाही. शिष्टाचार हा रिकामा नसतो. त्यामागे कोण कोणाचे देणे लागतो याची एक समजूत असते. चार वर्षांच्या वयापासून जिने आपले गुडघे आणि घोटे या खेळाला दिले, कोणत्याही स्त्रीने न केलेले जिने करून दाखविले, ती आपल्या देशाचे नेमके काय देणे लागत होती?

त्यानंतर ती व्यावसायिक प्रदर्शनांत गेली. १९९५-९६ च्या हंगामात पुन्हा स्पर्धेत उतरून तिने नववे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, पण १९९६ च्या एडमंटन येथील जागतिक स्पर्धेत सातवी आल्यावर ती कायमची निवृत्त झाली. ७ फेब्रुवारी १९९८ रोजी नागानो ऑलिंपिकच्या उद्घाटनात ज्योत प्रज्वलित करण्याचा मान तिला मिळाला. क्षमा मागणाऱ्या मुलीला तिच्या देशाने सहा वर्षांनी दिलेले ते उत्तर होते, असे मी मानतो. २००४ मध्ये जागतिक फिगर स्केटिंगच्या सन्मानदालनात तिचे नाव कोरले गेले.

तिच्या पश्चात काय उरले? ट्रिपल ॲक्सेल करणारी तिसरी स्त्री येण्यास २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एकाच स्पर्धेत दोघींनी ती केली, आणि त्यांतील युकारी नाकानो ही यामादाबाईंचीच शिष्या. २००६ मध्ये शिझुका अराकावा हिने ट्युरिन येथे जपानला या खेळातील पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. नागोयाचीच माओ आसादा, बालपणी यामादाबाईंच्या हाताखाली शिकलेली, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सेल करून गेली. गुणदानाची पद्धतही पालटली. २००२ च्या ऑलिंपिकमधील परीक्षकांच्या गैरप्रकारानंतर ६.० ची पद्धत मोडीत निघाली, आणि आता प्रत्येक उडीला तिच्या अवघडपणानुसार ठरावीक मूल्य असते. ओसूच्या रिंकमध्ये एका शिक्षिकेने एका बुटक्या मुलीला हात दिला, त्यातून हे सारे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु त्यावाचून हे असे झाले नसते, हे म्हणता येईल.

आणि एक गोष्ट. २०११ पासून मिदोरी जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे प्रौढांच्या हौशी स्पर्धांत उतरू लागली. तेथे पदकासाठी देश वाट पाहत नाही. चाळिशी ओलांडलेली ती बाई बर्फावर येते, एक साधी ॲक्सेल घेते, उतरते आणि हसते. चित्रण पाहताना माझ्या नातीने विचारले, "आजोबा, आता तर ती सोपी उडी मारतेय, मग एवढी का हसते?" मला उत्तर देता आले नाही.

आता अखेरची, माझी गोष्ट. ती या शाळेतील नाही. मी दुसऱ्या गावी नोकरीस असतानाची आहे. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. वार्षिक परीक्षेत भूमितीचे एक प्रमेयाधारित उदाहरण त्याने मी शिकविलेल्या रीतीने न सोडविता स्वतःच्या वाटेने चार ओळींत सोडविले. आकृती वेडीवाकडी होती, पायऱ्यांची नावे नव्हती, उत्तर मात्र बरोबर होते, आणि आज सांगतो, वाट माझ्यापेक्षा सुंदर होती. पाचांपैकी मी त्याला दोन गुण दिले. रीत नाही, आकृती नाही, असे तांबड्या शाईने लिहिले. गुरुजींचा शिष्य म्हणून मला त्यात अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी तो शिक्षकांच्या खोलीत आला. मला वाटले, हुज्जत घालील. तो म्हणाला, "सर, चुकलं माझं." आणि मी, श्रोतेहो, ती क्षमा स्वीकारली. "पुन्हा असं करू नकोस," असेही वर म्हणालो.

काही काळाने सुट्टीत इंदूरला आलो असता हा प्रसंग मी गुरुजींना सांगितला. ते शाबासकी देतील अशी अपेक्षा होती. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग एवढेच म्हणाले, "मी तुम्हांला वर्तुळ काढायला शिकवलं ते हात स्थिर व्हावा म्हणून. दुसऱ्याचा हात धरून ठेवावा म्हणून नव्हे."

ते वाक्य मी अनेक वर्षे विसरलो होतो. आल्बेरव्हिलची क्षमायाचना वाचताना ते परत आले. नियम असावेत, कित्ता असावा, वर्तुळाचा सांधा दिसू नये हा आग्रहही असावा. मी अजूनही त्याच पंथाचा आहे. पण ज्याच्यापाशी तांबडी शाई आहे, त्याने एक तपासून पाहावे की समोर उभे राहून क्षमा मागणारे मूल खरोखर आपले देणेकरी आहे, की आपणच त्याचे आहोत. तो मुलगा आज कोठे आहे हे मला ठाऊक नाही. ही पुस्तिका छापून निघेल, माजी विद्यार्थ्यांच्या हाती गावोगाव जाईल, आणि न जाणो, कधीतरी त्याच्याही हाती पडेल. म्हणून येथे नोंदवून ठेवतो : बाळ, तुझे पाचही गुण तुझे होते. चुकले ते माझे.